प्रेक्षणीय स्थळं पाहायची, पण रांगेत दिवस न घालवता

कुठल्याही मोठ्या शहरात फिरायला जायचं ठरलं की मी आधी एक कोरा कागद घेतो आणि मुक्कामाचे जितके दिवस तितके उभे रकाने आखतो. प्रत्येक रकान्याचे दोन भाग, सकाळ आणि दुपारनंतर. चार दिवस असतील तर आठ घरं. शहर कितीही मोठं असो, ते या आठ घरांत बसवायचं. त्यातून पोचण्यात आणि निघण्यात जाणारा वेळ वजा केला की खरी घरं पाच-सहाच उरतात. पंचवीस ठिकाणांची यादी तिथल्या तिथे आटोपते.

हा लेख पहिल्यांदाच एखाद्या महानगरात जाणाऱ्या, आणि सहल कंपनीच्या झेंड्यामागे न चालता आपलं आपण फिरू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. 'प्रसिद्ध ठिकाणी काय जायचं, तिथे सगळेच जातात' असं सांगणारा एखादा जाणकार प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्याचं ऐकू नका. आयफेल टॉवर किंवा ताजमहाल उगीच प्रसिद्ध झालेले नाहीत. पहिल्याच भेटीत ते टाळून गल्लीबोळ पाहत बसणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरीला न भेटता परतणं. त्रास होतो तो बहुधा जागेमुळे नाही, आपण तिथे सकाळी अकराला पोचतो म्हणून. गर्दीला वेळापत्रक असतं. ते कळलं की निम्मं काम झालं.

आधी सुट्ट्या भरा

कागदावर ठिकाणांची नावं लिहिण्याआधी बंद असण्याचे वार लिहा. मी एकदा एका मोठ्या संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभा राहिलो आहे. पत्ता बरोबर, वेळ बरोबर, वार तेवढा चुकला होता. शेजारी माझ्यासारखेच दहा-बारा जण पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर वार बदलणार होता.

साप्ताहिक सुटीचा वार सगळीकडे एकच नसतो, घोळ होतो तो त्यामुळे. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, तर नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद. इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, तिथला झाकलेला मोठा बाजार रविवारी. बीजिंगचं निषिद्ध नगर, म्हणजे चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, सोमवारी. टोकियोची बहुतेक राष्ट्रीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण त्या सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर ती सोमवारी उघडी राहतात आणि मंगळवारी बंद होतात. हे न पाहता गेलेला माणूस दोन्हीकडून फसतो.

यातून एक बारीक गोष्ट लक्षात येते. एक मोठं संग्रहालय ज्या वारी बंद असतं, त्या वारी त्याची गर्दी दुसऱ्याकडे वळते. म्हणून पॅरिसमध्ये मंगळवारी ओर्सेला आणि सोमवारी लूव्रला जाणं मी टाळतो. वार मोकळा दिसतो, पण त्या वारी पर्याय कमी असतात, म्हणून सगळे तिथेच लोटतात.

मोफत दिवसांचंही तसंच. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असतो. ऐकायला छान वाटतं. पण अर्धा दिवस भिंतीकडेच्या रांगेत गेला तर कागदावरचं एक घर वाया गेलं, आणि घरं मोजकीच आहेत. शहरात राहणाऱ्याने मोफत दिवस साधावा. चार दिवसांसाठी गेलेल्याने पैसे भरून वेळ वाचवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सणवार आणि राष्ट्रीय सुट्ट्याही याच वेळी पाहून घ्या. लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वेही धावत नाही आणि बसही. नाताळात लंडन पाहायचं म्हणून हौसेने गेलेल्यांना हे तिथे पोचल्यावर कळतं. दुरुस्तीची कामंही तपासा. पॅरिसचं नोत्र दाम हे चर्च १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर पाच वर्षांहून जास्त काळ बंद होतं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुलं झालं. लंडनचा बिग बेनचा मनोराही काही वर्षं मचाणांनी झाकलेला होता. आपण फोटोत पाहून निघालेली वास्तू हिरव्या जाळीआड नाही ना, हे एकदा ताज्या बातम्यांत बघितलेलं बरं.

मग सगळ्यात अवघड तिकीट काढा

नवखे लोक सोपी तिकिटं आधी काढतात. उलट करा. सगळ्यात लवकर संपणारं तिकीट आधी मिळवा आणि बाकीचा कार्यक्रम त्याच्याभोवती वाकवा.

ॲमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर हे याचं चांगलं उदाहरण आहे. तिथली तिकिटं फक्त त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात आणि भराभर संपतात. दारावर जाऊन काही मिळत नाही. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' पाहायला लोकांना लहान गटांनी आत सोडतात, तेही १५ मिनिटांसाठी. भिंतीवरचं चित्र नाजूक झालंय, आतली हवा जपायची असते, म्हणून ही शिस्त. बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलिया या चर्चची तिकिटं वेळेच्या तुकड्यांत विकली जातात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटापर्यंत जायचं तर फार आधीपासून नोंदणी लागते, कारण वर जाणारा जिना अरुंद आहे आणि दिवसाला मोजकीच माणसं सोडतात.

तिकीट काढताना तीन गोष्टी बघायच्या.

एक, संकेतस्थळ खरं आहे का. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सगळ्यात वर येतात त्या बहुतेकदा जाहिराती असतात. तिथे तेच तिकीट दीडपट-दुप्पट दराला मिळतं, वर नाव 'अधिकृत' असल्यासारखं. वास्तूच्या किंवा नगरपालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळापर्यंत शांतपणे पोचा. तिथे जागा संपल्या असतील तरच दुसऱ्याकडे बघा.

दोन, तिकिटावर नाव आहे का. रोमच्या कलोसियमच्या तिकिटावर पाहुण्याचं नाव असतं आणि दारावर ओळखपत्र मागतात. निषिद्ध नगरासाठी तर पासपोर्ट क्रमांक देऊन आगाऊ नोंदणी करावी लागते. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, घरी हाक मारतात ते नको.

तीन, 'रांग टाळा' या शब्दांचा अर्थ. मोठ्या ठिकाणी रांगा तीन असतात: तिकिटाची, सुरक्षा तपासणीची, आणि आतल्या लिफ्टची किंवा एखाद्या विशिष्ट दालनाची. 'रांग टाळा' वालं तिकीट बहुधा पहिलीच टाळतं. दुसरी आणि तिसरी सगळ्यांनाच. हे माहीत नसलं की माणूस जादा पैसे मोजून पाऊण तास उन्हात उभा राहतो आणि मग चिडतो.

वेळेचं तिकीट म्हणजे आत जायची वेळ. कधी बाहेर पडायचं यावर सहसा बंधन नसतं. पण उशीर झाला तर परत पाठवू शकतात. म्हणून एका घरात, म्हणजे एका सकाळी किंवा एका दुपारी, वेळेचं तिकीट एकच ठेवा. दोन ठेवली की पहिल्या जागी सारखं घड्याळाकडे लक्ष जातं आणि दुसऱ्या जागी धापा टाकत पोचावं लागतं.

शहराचे पासही मिळतात, ४८ तासांचे, तीन दिवसांचे. ते घ्यावेत की नाही हे कागदच सांगतो. तुम्ही खरोखर जाणार त्या जागांच्या प्रवेशमूल्यांची बेरीज करा, पासात आहेत म्हणून जाल त्यांची नाही. बऱ्याच पासधारकांनाही वेळेची नोंदणी वेगळी करावी लागते, ते बघा. आणि '४८ तास' व 'दोन दिवस' यांत फरक आहे. पहिला पास वापरल्या क्षणापासून मोजतो. दुसरा कॅलेंडरवरून, म्हणजे संध्याकाळी चारला सुरू केला तर एक दिवस जवळपास फुकट.

नकाशा खोटं बोलतो

आता ठिकाणं भागांनुसार एकत्र करा. इस्तंबूलमध्ये आया सोफिया, निळी मशीद, टोपकापी आणि जमिनीखालचं जुनं जलाशय हे सगळं सुलतानअहमत या एकाच भागात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोममध्ये कलोसियम, रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी एकमेकांना लागून आहेत, तिकीटही एकत्र मिळतं. यादीत तीन ओळी दिसतात, प्रत्यक्षात तो एकच फेरफटका असतो. उलट एखादं एकटंच नाव शहराच्या टोकाला असतं आणि अख्खी सकाळ खातं.

यासाठी भुयारी रेल्वेच्या नकाशावर विसंबू नका. हॅरी बेक यांनी काढलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये लोकांच्या हातात आला आणि तेव्हापासून जगभर असेच नकाशे काढतात: सरळ रेघा, ठरावीक कोन, सारख्या अंतरावर स्थानकं. कुठे चढायचं, कुठे बदलायचं हे त्यात झकास कळतं. अंतर मात्र अजिबात कळत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे नकाशावर एक अख्खं स्थानक आहे. जमिनीवर ते अंतर साधारण २६० मीटर. त्यासाठी नवखा माणूस खाली उतरतो, गाडीची वाट बघतो, आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टसमोरची गर्दी पाहून जिन्याकडे वळला तर १९३ पायऱ्या चढतो. चालत गेला असता तर एव्हाना पोचून फोटोही काढून झाले असते.

दोन स्थानकांपर्यंतचं अंतर मी आधी पायी चालण्याच्या नकाशावर मोजतो. आणि तो नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवतो, कारण भुयारात आणि जाड भिंतींच्या राजवाड्यात नेटवर्क नेमकं हवं तेव्हा जातं. तिकिटांचे स्क्रीनशॉट त्याच कारणासाठी.

लंडनसारख्या शहरात बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करता येतो आणि दिवसभराच्या खर्चाला आपोआप मर्यादा लागते. मात्र दिवसभर एकच कार्ड वापरायचं. सकाळी कार्ड, दुपारी मोबाइल असं केलं तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना.

सकाळचा पहिला तास, नाहीतर संध्याकाळचा शेवटचा

टूर कंपन्यांच्या बसगाड्या हॉटेलातला नाश्ता उरकून निघतात आणि दहाच्या सुमारास दारात येऊन थांबतात. तिथून दुपारी तीन-चारपर्यंत गर्दीचा कहर. म्हणून सगळ्यात मोठं नाव सकाळच्या घरात लिहा आणि दार उघडण्याच्या वीस मिनिटं आधी तिथे असा. ताजमहालाची दारं तर सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. त्या वेळेला उठायचं जिवावर येतं, मान्य आहे. पण सुटीत झोप पूर्ण करायची की ताज मोकळा पाहायचा, हे आदल्या रात्रीच ठरवा. पहाटे गजर वाजल्यावर घेतलेला निर्णय नेहमी झोपेच्या बाजूने जातो.

उठणं जमणारच नसेल तर उशिराचे दिवस शोधा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम शुक्रवारी दहापर्यंत. संध्याकाळी सहानंतर कुटुंबं आणि बसवाले गट निघून जातात, दालनांत पावलांचे आवाज ऐकू यायला लागतात. एक लक्षात ठेवा: शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधीच थांबतो आणि टोकाची दालनं त्याहून लवकर रिकामी करायला घेतात.

आत शिरल्यावर पहिल्या दालनात रेंगाळू नका. बहुतेक लोक दारापाशीच पहिला फलक वाचत उभे राहतात. तुम्ही सरळ ज्यासाठी आलात तिकडे चालू पडा आणि बाकीचं परतताना पाहा. टॉवर ऑफ लंडनमध्ये उघडल्या उघडल्या राजमुकुटांकडे जायचं. अकरा वाजता तिथली रांग अंगणात वळसे घेत असते. पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. निषिद्ध नगरात दक्षिणेच्या दाराने शिरायचं आणि उत्तरेच्या दाराने बाहेर पडायचं, उलटं चालता येत नाही. म्हणून बाहेर कुठे पडणार हे आधी माहीत हवं, नाहीतर सोबतचे लोक भलत्याच दाराशी वाट पाहत राहतात. व्हॅटिकनमध्येही रंगवलेल्या छताचं सिस्टाइन चॅपल वाटेच्या शेवटी येतं. आधीच्या लांबलचक दालनांत सगळी ताकद खर्च करू नका, छत पाहायला मानेत जोर लागतो.

किती पाहायचं

इथे जरा थांबून बोलतो, कारण पाय दुखण्याचं आणि कंटाळण्याचं खरं कारण इथे आहे.

लूव्रमध्ये साधारण ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर अर्धा मिनिट थांबायचं म्हटलं तर न जेवता, न झोपता १२ दिवस लागतील. म्हणजे 'लूव्र पाहिलं' असं कोणीच म्हणू शकत नाही, तिथे काम करणारेसुद्धा. हे एकदा मनाने मान्य केलं की मोकळं वाटतं. मी जाण्याआधी पाच वस्तू ठरवतो. पाचच. त्या नीट पाहतो, वाटेत दिसेल ते बोनस. दोन-अडीच तास झाले की बाहेर. तिसऱ्या तासाला डोळे उघडे असतात पण आत काही जात नाही.

मोनालिसाचंच घ्या. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, काचेआड, कठड्यापलीकडे. समोर उंचावलेल्या मोबाइलचं रान. तुमची पाळी येते, अर्ध्या मिनिटात मागून रेटा येतो आणि तुम्ही बाजूला. पुष्कळ जण तिथून हिरमुसले होऊन निघतात. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, जरूर पाहा. पण पाहून झालं की तिथेच मागे वळा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या इटालियन चित्रकाराने काढलेलं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. उंची जवळपास ७ मीटर, रुंदी जवळपास १० मीटर. सगळं दालन त्याच्याकडे पाठ करून उभं असतं, त्यामुळे तुम्हाला हवा तेवढा वेळ मिळतो. शंभराहून जास्त माणसं आहेत त्यात. मधोमध येशू, पण त्याच्याकडे पंगतीतल्या कोणाचं फारसं लक्ष नाही. पुढे वादकांचा ताफा, त्यांच्यामध्ये कुत्रे, उजवीकडे खाली एक मांजर रांजणाला नखं लावतंय. वादकांसमोरच्या मेजावर एक वाळूचं घड्याळ ठेवलंय. ते शोधायला मला बराच वेळ लागला, आणि त्या दिवशीचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

कधी कधी काय पाहायचं यापेक्षा कोणत्या प्रहरी हे महत्त्वाचं ठरतं. सग्रादा फामिलियाच्या पूर्वेच्या बाजूला निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि पश्चिमेच्या बाजूला लाल-नारिंगी. सकाळी आतले खांब थंड निळसर दिसतात, दुपार कलल्यावर तेच खांब पेटल्यासारखे होतात. तिकिटाची वेळ निवडताना आपण नकळत रंग निवडत असतो. मला विचाराल तर उन्हाचा दिवस बघून दुपारची उशिराची वेळ घ्या.

ध्वनिमार्गदर्शक मिळत असेल तर स्वतःचे इयरफोन न्या. फ्लॅश कुठेच मारू नका. सिस्टाइन चॅपलमध्ये फोटोच काढू देत नाहीत, बोलूही देत नाहीत. मिकेलँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं, आपण पाच मिनिटं गप्प राहून पाहायला हरकत नाही.

उंचावर चढायचं असेल तर

प्रत्येक मोठ्या शहरात एक तरी मनोरा असतो आणि सगळ्यांना त्यावर जायचं असतं. आधी एक साधी गोष्ट: मनोऱ्यावरून मनोरा दिसत नाही. आयफेल टॉवरवरून पॅरिस दिसतं, पण ज्या पॅरिसचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे त्यात आयफेल टॉवर असतो. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट इमारत डोळे भरून पाहायची तर दुसऱ्या इमारतीवर चढावं लागतं. टोकियोत महानगर सरकारच्या कार्यालयाच्या ४५ व्या मजल्यावरच्या सज्जात मोफत जाता येतं, तिथून शहर पुरेसं पसरलेलं दिसतं. स्वातंत्र्यदेवी लांबूनच पाहायची असेल तर मॅनहॅटनहून निघणारी स्टेटन आयलंडची मोफत फेरी बोट तिच्या समोरून जाते. जाताना उजव्या बाजूला उभे राहा.

वेळ निवडायची तर सूर्यास्ताच्या तासभर आधीची. एकाच तिकिटात उजेड, मावळतीचा रंग आणि दिवे लागलेलं शहर. याच वेळा आधी संपतात, म्हणून त्या आधी काढा. मात्र ढग किंवा सोसाट्याचा वारा असेल तर वरचा मजला बंद ठेवतात. हवामानाचा अंदाज पाहून शेवटी ठरवता आलं तर उत्तम.

पायऱ्यांचा हिशोब घरातूनच करून निघा, विशेषतः आई-वडील सोबत असतील तर. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, शेंड्यावर फक्त लिफ्टने जाता येतं. रोममध्ये सेंट पीटरच्या घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. 'लिफ्ट आहे' हे ऐकून लोक तिकीट काढतात, पण लिफ्ट गच्चीपर्यंतच नेते. पुढच्या ३२० पायऱ्या चढायच्याच असतात, आणि शेवटी घुमटाच्या गोलाईसारखी भिंतही तिरकी होत जाते. मधून परत फिरणं सोपं नसतं. गुडघे कुरकुरत असतील तर गच्चीवरून दिसणारं दृश्यही कमी नाही.

प्रार्थनास्थळं

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम व्हॅटिकनपासून बँकॉकच्या राजवाड्यापर्यंत सगळीकडे चालतो. पिशवीत एक पातळ ओढणी किंवा उपरणं ठेवा, काम भागतं. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, शुक्रवारी दुपारी जास्त वेळ. त्या दिवसाच्या वेळा आधी बघा आणि दोन नमाजांच्या मधल्या काळात जा. बूट काढावे लागतात, त्यामुळे मोज्यांना भोक नसलेलं बरं.

'आज बंद आहे'

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर अनेकांनी हे वाक्य ऐकलंय. नीटनेटके कपडे घातलेला, गोड बोलणारा माणूस भेटतो. 'आज सकाळी बंद आहे, दुपारी उघडेल. तोवर मी सांगतो त्या देवळात जा, रिक्षावाला माझ्या ओळखीचा आहे.' रिक्षा थेट दुकानात जाऊन थांबते. प्रत्यक्षात राजवाडा उघडाच असतो. शहरं बदलतात, शेंडी लावण्याची पद्धत फारशी बदलत नाही. कोणी सांगितलं बंद आहे, तर मान डोलवा आणि स्वतः दारापर्यंत चालत जा. इतकंच.

बाकीचे प्रकारही ठरलेले आहेत. हातात धागा बांधून पैसे मागणारे, सहीसाठी कागद पुढे करणारे, तुमच्या कपड्यावर काहीतरी सांडलंय म्हणून पुसायला धावणारे. कागदाखालून दुसऱ्याचा हात तुमच्या खिशात जातो. खिसेकापूंची आवडती जागा म्हणजे गाडीचं दार बंद व्हायचा क्षण, आणि कारंज्यापुढे सगळे वर बघत असतात ती. पाठीची पिशवी गर्दीत पुढे घ्या. पासपोर्ट आणि दुसरं कार्ड वेगळ्या ठिकाणी ठेवा. याहून जास्त घाबरायचं कारण नाही.

शरीराचं थोडं

सहलीसाठी नवे बूट घेऊन थेट घालू नका, दोन आठवडे आधीपासून वापरा. बाक दिसला की बसा, थकल्यावर बसायचं ठरवलं तर तेव्हा बाक नसतो. संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी स्वच्छतागृह गाठा, बाहेर रस्त्यावर ते शोधत फिरणं फार त्रासाचं. लहान मुलं असतील तर सकाळ मोठ्या ठिकाणाची आणि दुपार बागेची, यात अपवाद करू नका. अनेक मोठ्या संग्रहालयांत चाकाची खुर्ची मागितली की मिळते. वडीलधारी माणसं संकोचाने नाही म्हणतात, तेव्हा आपणच विचारून ठेवावी.

एक घर रिकामं

कागद भरताना एक घर मुद्दाम कोरं सोडा, शक्यतो तिसऱ्या दिवशी दुपारचं. पहिल्या दिवशी पाऊस आला तर तिथलं ठिकाण इकडे सरकतं. कुठे वेळेआधी दार बंद झालं, कोणाचं पोट बिघडलं, तरी सगळा डोलारा कोसळत नाही. आणि काहीच बिघडलं नाही तर ज्या जागेतून घाईने निघावं लागलं होतं, तिथे परत जाता येतं. पॅरिसमध्ये असाल तर अंधार पडल्यावर नदीकाठी जा. आयफेल टॉवर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो, आणि ते पाहायला तिकीट लागत नाही.

निघायच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर सकाळचं घर अजून हातात असतं. फक्त चाकाची मोठी बॅग ओढत संग्रहालयाच्या दाराशी जाऊ नका, मोठं सामान बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. खोली सोडल्यावर बॅग हॉटेलच्या काउंटरवरच ठेवा, पावती घ्या, आणि त्या पावतीचा फोटो काढून ठेवा.